इंदूरमध्ये कचरा आणि प्लास्टिकवर मतसर्वेक्षण: सगळेच 'हो' म्हणतात, काय करावं?

रामबागकर

नमस्कार मंडळी. आमच्या रहिवासी गटाला शहरातल्या लोकांची तीन गोष्टींबद्दलची मतं आणि सवयी जाणून घ्यायच्या आहेत. घरी कचरा वेगळा करणं, भाजी-किराण्याला घरची पिशवी नेणं, आणि कमी प्लास्टिकच्या वेष्टनासाठी चार पैसे जास्त द्यायची तयारी.

पहिल्यांदा गूगल फॉर्म केला आणि लिंक कॉलन्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरवली. उत्तरं हजारावर आली, पण त्यांतून हाती काही लागत नाही. 'तुम्ही कचरा वेगळा करता का?' याला जवळजवळ सगळ्यांचं उत्तर 'हो, नेहमी'. पिशवीचंही तेच. जास्त पैसे द्यायलाही सगळे तयार! आणि त्याच कॉलन्यांत कचरागाडीवरची माणसं ओल्या कचऱ्यातून पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या) वेचताना रोज दिसतात.

आता घरोघरी जाऊन नीट करायचं ठरलं आहे. आठ तरुण मुलं-मुली आहेत, दहा-बारा दिवस देऊ शकतात. प्रश्नावली हिंदीत आणि मराठीत असेल. किती लोकांना विचारावं, ते कुठून निवडावेत, आणि मुख्य म्हणजे प्रश्न कसे विचारावेत की 'हो'च्या पलीकडचं काही कळेल? कोणीतरी यादी-प्रयोग सुचवला आहे, म्हणजे निम्म्यांना चार वाक्यं, निम्म्यांना पाच, आणि फक्त 'किती लागू पडतात' हा आकडा सांगायचा. तो इथे चालेल का?

---

आकडेमोड

फॉर्मची हजार उत्तरं बाजूला ठेवा, निष्कर्षात मिसळू नका. संख्या मोठी असली की निवडीतला दोष भरून निघतो हा समज १९३६ सालीच मोडला. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, तेवीस लाखांवर परत आल्या आणि लँडन जिंकणार असा अंदाज निघाला. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधले होते, आणि ज्यांना उत्साह होता त्यांनीच उत्तर पाठवलं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर लिंक उघडणारा माणूस नेमका तसाच असतो: ज्याला विषयाची आवड आहे तो भरतो, बाकीचे पुढे सरकवतात.

आता किती लोक. ३८४ हा आकडा जिथे-तिथे चिकटवलेला दिसतो. तो असा येतो: १.९६ चा वर्ग × ०.२५ ÷ ०.०५ चा वर्ग. म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्क्यांची चूक: असं शंभरदा विचारलं तर साधारण ९५ वेळा आकडा खऱ्याच्या ५ टक्के वर-खाली येईल. पण हा हिशेब सबंध शहरातून एकेक माणूस सुटा निवडला तरचा आहे. तुम्ही एका मोहल्ल्यात जाऊन दहा मुलाखती घेणार. शेजारीशेजारी राहणाऱ्यांची मतं आणि सवयी थोड्या सारख्या असतात, त्यामुळे दहा मुलाखतींतून दहा माणसांइतकी माहिती मिळत नाही. हे सारखेपण (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे अगदी एकसारखे) ०.०५ धरलं तर वाढीचा गुणक १ + (१० − १) × ०.०५ = १.४५. ३८४ ला १.४५ ने गुणलं की ५५७. म्हणून ५६ ठिकाणं, प्रत्येकी १० मुलाखती, एकूण ५६०. एका ठिकाणी २० घेतल्या तर गुणक १.९५ होतो आणि ७४९ मुलाखती लागतात. ठिकाणं वाढवली की कमी मुलाखतींत काम भागतं.

निवडीसाठी मतदार यादी वापरा. भागवार याद्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. महापालिका हद्द मुख्यतः इंदूर-१ ते इंदूर-५ या विधानसभा मतदारसंघांत आणि राऊच्या काही भागात येते. सगळी मतदान केंद्रं विधानसभेच्या क्रमाने एकाखाली एक लिहा, पुढे मतदारसंख्येची चढती बेरीज मांडा. एकूण बेरजेला ५६ ने भागा, तो झाला टप्पा. पहिल्या टप्प्याच्या आतली एक संख्या चिठ्ठीने काढा आणि तिथून टप्प्याटप्प्याने पुढे जा. मोठ्या केंद्राला निवडलं जाण्याची संधी आपोआप जास्त मिळते. पुढे प्रत्येक केंद्रातून सारखीच नावं घेतल्यामुळे शहरातल्या प्रत्येक मतदाराची संधी समान राहते.

केंद्राच्या आत १० नाही, १७ नावं काढा. यादीत १,०२० मतदार असतील तर अंतर ६०. चिठ्ठीत २३ निघाला तर २३, ८३, १४३ असं पुढे. १७ पैकी साधारण दहा जण भेटतील असं धरलं आहे: कोणी घर सोडून गेलेलं असतं, कोणी वारलेलं, कोणी नाही म्हणतं. पण दहा झाल्या म्हणून थांबू नका. सतराही जणांच्या घरी वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या व्हायलाच हव्यात. 'हे नाहीत तर शेजारच्यांना विचारतो' हे पूर्ण बंद. शेजारी दार उघडतो तो दुपारी घरी असणारा असतो. मग नमुना निवृत्त मंडळी आणि गृहिणींनी भरतो आणि नोकरदार गळतात.

मतदार यादीचा एक मोठा फायदा फारसा कोणी घेत नाही. तिच्यात वय आणि लिंग आहे. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचंही! म्हणजे कोणता गट गळला ते नेमकं दिसतं आणि भारांक (कमी आलेल्या गटाच्या उत्तरांना द्यायचं वाढीव वजन) त्यावरूनच देता येतात, २०११ च्या जनगणनेकडे जावं लागत नाही. एखाद्याचा भारांक ३ च्या वर जाऊ लागला तर तिथे छाटा, नाहीतर चार-दोन तरुण सगळा निकाल ओढून नेतात.

तोटाही आहे. भंवरकुआँ भागात कोचिंगसाठी राहणारी मुलं बहुतेक आपल्या गावच्या यादीत असतात, इथल्या नाही. पॅकबंद खाण्याचा विषय असताना त्यांना वगळणं बरोबर नाही. त्या भागासाठी ४०-५० मुलाखतींचा वेगळा नमुना खोल्यांची यादी करून घ्या आणि निकाल वेगळा लिहा.

आणि कृपा करून वॉर्डवार क्रमवारी लावू नका. वॉर्ड ८५ आहेत, वाट्याला सहा-सात माणसं येतात. विधानसभेपुरतं पाहिलं तरी ९०-९५ मुलाखतींवर चूक १२ टक्क्यांच्या घरात जाते.

---

माळव्याची लेक

आकडेमोड दादांनी निवडीचं सांगितलंच आहे. मी प्रश्नांबद्दल लिहिते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे.

इंदूरमध्ये 'स्वच्छता' आणि 'सर्वे' हे दोन शब्द एकत्र उच्चारले की समोरचा माणूस घराबद्दल बोलायचं सोडून शहराच्या वतीने बोलू लागतो. २०१७ पासून देशाच्या 'स्वच्छ सर्वेक्षणा'त शहर पहिलं येत गेलं, त्या गुणांकनात नागरिकांचा प्रतिसादही मोजला जायचा, आणि 'विचारलं तर चांगलंच सांगा' हे लोकांच्या अंगवळणी पडलं आहे. तो अभिमान खरा आहे, पण मोजायची आहे सवय. म्हणून ओळखीच्या वाक्यात स्वच्छता, क्रमांक, महापालिका, पर्यावरण यातलं काही येऊ देऊ नका. 'घरखर्च आणि रोजच्या सवयींबद्दल विचारतोय' एवढं पुरे, ते खोटंही नाही. कोण विचारतंय, उत्तरांचं काय होणार आणि नको असेल तर कुठेही थांबता येईल, हे मात्र स्पष्ट सांगा. मुलांच्या अंगात गटाचं नाव छापलेलं जाकीट नको, साधं ओळखपत्र असू द्या. क्रम असा ठेवा: आधी खरेदी, मग स्वयंपाकघर, मग कचरा, आणि मतं-विचार शेवटी. मतं आधी विचारली की माणूस पुढची वागणूक त्या मतांना जुळवून सांगतो.

दुसरं, 'करता का?' हा प्रश्न काढून टाका. त्याला 'हो'शिवाय उत्तर नाही. 'नेहमी, कधीकधी, क्वचित' यानेही काम होत नाही, कारण एकाचं कधीकधी म्हणजे दुसऱ्याचं नेहमी. ठरावीक दिवस आणि ठरावीक वस्तू पकडा:

"शेवटची भाजी कधी आणली? आज, काल की त्याआधी? कोणी आणली? ती घरी कशातून आली?"

चौथा प्रश्न उघडा ठेवा, पर्याय वाचू नका. उत्तर ऐकून मुलाखत घेणाऱ्याने खूण करायची: घरचा झोला, दुकानदाराची पन्नी, दोन्ही, हातगाडीवरून थेट टोपलीत, इतर. 'दोन्ही' हा रकाना विसरू नका. झोल्याच्या आत पालक एका पन्नीत, टोमॅटो दुसऱ्या, मिरच्या तिसऱ्या, हे अगदी नेहमीचं आहे आणि तो माणूस मनापासून 'मी झोला नेतो' म्हणतो.

इथे भाषेकडे लक्ष द्या. मराठीत 'पिशवी' दोन्हीला चालते, कापडीलाही आणि प्लास्टिकलाही. हिंदीत इथे 'थैली' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्लास्टिकची येते, 'झोला' किंवा 'थैला' म्हटलं की कापडाची. म्हणजे 'तुम्ही पिशवी नेता का' आणि 'क्या आप थैली ले जाते हैं' हे दोन वेगळे प्रश्न झाले, आणि मराठी घरांचा आकडा निव्वळ शब्दामुळे वेगळा येईल. मराठी प्रश्नावलीतही 'झोला' आणि 'पन्नी' हेच लिहा, इथल्या मराठी घरांत तेच बोलतात. 'एकल-वापर प्लास्टिक' कोणाच्या तोंडी नाही. हिंदीवरून मराठी झाली की ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा माणसाकडून परत हिंदी करून घ्या आणि दोन्ही हिंदी शेजारी ठेवून वाचा. असे शब्द तिथेच सापडतात.

कचऱ्यासाठी ज्ञान आणि सवय वेगळी मोजा. आठ वस्तूंची चित्रं पत्त्यांवर (खेळायच्या पत्त्यांसारख्या कार्डांवर) छापा: कांद्याची सालं, दुधाची रिकामी थैली, चहाचा चोथा, संपलेला सेल, सॅनिटरी पॅड, तेलकट कागद, अंड्याची टरफलं, तुटका चार्जर. 'तुमच्याकडे हे कुठे जातं?' असं विचारा, 'कुठे जायला हवं?' नको. कांद्याची सालं हाताला कोरडी लागतात म्हणून अनेक घरांत सुक्यात जातात, आणि दुधाची थैली आतून ओली म्हणून ओल्यात. शहराची व्यवस्था सहा प्रकारांची आहे: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. 'वेगळा करतो' म्हणणाऱ्याच्या मनात कधी दोन डबे असतात, कधी तीन. पत्ते समोर ठेवले की ते लगेच दिसतं. पत्ते दर मुलाखतीत पिसून घ्या.

आणि कचरा हाताळतं कोण? निवडलेला माणूस घरातला कर्ता पुरुष असेल आणि कचरा कामवाल्या मावशी काढत असतील तर त्याचं उत्तर ऐकीव आहे. मतांचे प्रश्न यादीतल्या माणसालाच, पण पत्त्यांचा भाग 'घरात डबे कोण बघतं' विचारून त्या व्यक्तीला. ही दुसरी व्यक्ती कोण होती त्याची नोंद ठेवा.

कठीण प्रश्नाआधी माणसाला मोकळीक द्या: "घाईत सगळा कचरा एकाच डब्यात टाकावा लागतो असं बऱ्याच घरांत होतं. गेल्या सात दिवसांत तुमच्याकडे असं किती दिवस झालं?" शून्य ते सात, एवढंच उत्तर. अशा वाक्याने चूक कबूल करणं सोपं होतं. ते सगळ्या प्रश्नांना लावू नका मात्र, नाहीतर तुम्हीच त्याला उत्तर सुचवताय असं होईल.

पर्यावरणाविषयीच्या दृष्टिकोनासाठी डनलॅप आणि व्हॅन लिअर यांची १९७८ ची मोजपट्टी, २००० सालच्या सुधारित रूपात, खूप वापरली जाते. १५ वाक्यं, पाच पायऱ्या, विषम क्रमांकांना सहमती म्हणजे निसर्गाची बाजू आणि सम क्रमांकांना सहमती म्हणजे उलट. ती जशीच्या तशी वाचून दाखवली तर दमछाक होते. पाहुण्यासमोर 'नाही' म्हणायचं नाही या रीतीने काही जण पंधराही वाक्यांना 'बरोबर आहे' म्हणतात. म्हणून सहाच वाक्यं घ्या, तीन सुलट, तीन उलट. पाच पायऱ्या तोंडी विचारू नका. आधी 'पटतं की नाही पटत', मग 'पूर्ण की थोडं'. परस्परविरोधी वाक्यांना सलग 'पटतं' म्हणणारे किती, हे वेगळं मोजा. उलट वाक्यांचे गुण फिरवायला विसरलात तर क्रोनबाखचा अल्फा (सगळ्या वाक्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) धाडकन खाली येतो आणि लोकांचेच विचार विस्कळीत आहेत असा चुकीचा अर्थ निघतो.

---

रामबागकर

ताई, पत्त्यांची कल्पना फार उपयोगी आहे, पत्ते या आठवड्यात छापून घेतो. दादा, १७ नावांचंही समजलं. यादी-प्रयोगाबद्दल मात्र कोणी बोललं नाही.

---

राऊवाला

यादी-प्रयोग जरूर करा असं माझं मत. माणसाला फक्त आकडा सांगायचा असतो, त्यामुळे लपवण्यासारखं काही राहत नाही. निम्म्यांना चार साधी वाक्यं द्या, उदाहरणार्थ 'गेल्या सात दिवसांत बाहेर पोहे खाल्ले', 'विजेचं बिल भरलं'. उरलेल्या निम्म्यांना पाचवं 'सगळा कचरा एकत्र टाकला'. दोन सरासऱ्यांतला फरक म्हणजे एकत्र टाकणाऱ्यांचं प्रमाण. फक्त चारही वाक्यं सगळ्यांनाच लागू पडतील अशी नकोत. कोणी 'पाच' म्हणाला तर त्याचं गुपित उघड झालं.

ताईंच्या 'आज की काल' या प्रश्नात एक भर घालतो. मुलाखती आठवड्याच्या सातही दिवसांत विभागा. सगळ्या शनिवार-रविवारी घेतल्या तर आठवडी बाजाराची मोठी खरेदीच मोजली जाईल, आणि ऑफिसातून येताना ऐनवेळी घेतलेली कोथिंबीर-मिरची सुटेल. पन्नी जास्त लागते ती तिथेच. रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या या दिवसांच्या आसपास काम नकोच. घरी कोणी भेटत नाही आणि शहराच्या सवयीही त्या दिवसांत वेगळ्या असतात.

---

आकडेमोड

राऊवाला, वाक्यं कशी निवडावीत ते अगदी बरोबर, पण रामबागकरांच्या नमुन्यात हा प्रयोग पेलणार नाही. ५६० चे दोन भाग म्हणजे २८०-२८०. उत्तरांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १ च्या आसपास धरलं तर दोन सरासऱ्यांतल्या फरकाची प्रमाण चूक ०.०८५ येते. म्हणजे ९५ टक्के पातळीवर १६-१७ टक्क्यांची चूक, तीही १.४५ चा गुणक न लावता. उत्तर ३० टक्के आलं तर खरं १३ ही असू शकतं, ४७ ही. हे साधन हजारोंच्या नमुन्यासाठी आहे.

त्याऐवजी डोळ्यांनी मोजा. मालवा मिलच्या भाजीबाजारासारख्या दोन-तीन ठिकाणी बाहेर पडायच्या वाटेवर दोघांनी उभं राहायचं आणि दर पाचव्या माणसाच्या हातात काय आहे ते लिहायचं: फक्त झोला, फक्त पन्नी, झोल्यात पन्न्या, दिसलं नाही. नाव नाही, फोटो नाही. सकाळ आणि संध्याकाळ मिळून ४०० नोंदी झाल्या की सुट्या निवडीच्या हिशेबाने चूक ५ टक्क्यांच्या आसपास राहते. पहिल्या ५० नोंदी दोघांनी एकाच माणसाच्या, पण एकमेकांना न विचारता करायच्या आणि कोहेनचा कप्पा (योगायोग वगळून दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचा आकडा) काढायचा. ०.७ च्या खाली आला तर रकान्यांच्या व्याख्या पुन्हा ठरवा. घोळ बहुतेक 'झोल्यात पन्न्या' या रकान्यात असतो, कारण झोला बंद असतो.

बाजारातली गर्दी म्हणजे सबंध शहर नव्हे, त्यामुळे दोन आकडे एकमेकांतून वजा करू नका. शेजारीशेजारी छापा. घरी सांगितलेलं आणि बाजारात दिसलेलं यात मोठी दरी असेल तर वाचणाऱ्याला ती दिसतेच.

---

किराणा-हिशेब

जास्त पैसे द्यायच्या तयारीबद्दल. 'पर्यावरणासाठी जास्त द्याल का?' याला नाही कोण म्हणेल? वस्तू, वजन आणि रक्कम ठरवून घ्या. "अर्धा किलो शेव, तीच चव, तेच दुकान. एक साध्या प्लास्टिकच्या पाकिटात, दुसरी कागदी पाकिटात, पण ₹५ जास्त. पुढच्या खेपेला कोणती घ्याल?" रक्कम चारपैकी एक ठेवा: ₹२, ₹५, ₹१०, ₹२०. कोणाला कोणती, ते मोबाईलमधल्या फॉर्मने चिठ्ठी टाकून ठरवावं. कोबोटूलबॉक्स या मोबाईलवर प्रश्नावली भरायच्या साधनात ही सोय आहे, ते ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट आहे आणि नेटशिवायही चालतं. एका माणसाला एकच रक्कम. चारही ओळीने विचारल्या तर तो घासाघीस करू लागतो. एका रकमेला १४० उत्तरं मिळतील, चूक साध्या हिशेबाने ८ टक्के आणि गुणक लावून १० टक्के. ₹२ आणि ₹२० च्या 'हो'मध्ये फारसा फरक दिसला नाही तर समजा की लोक रकमेकडे न बघता चांगल्या कामाला हो म्हणतायत, आणि तो प्रश्न अहवालातून काढून टाका.

प्रश्नाआधी एक वाक्य मात्र हवंच: "हे ₹५ महिन्याच्या किराण्यातूनच जाणार, हे धरून सांगा." कागदाला तेल सुटतं, शेव लवकर मऊ पडते, ही शंका लोक स्वतःहून काढतील. त्यासाठी 'का नाही' हा उघडा रकाना ठेवा. 'नाही' म्हणणाऱ्यातला कोण पैशाला नाही म्हणतोय आणि कोण पाकिटाला, ते तिथेच कळेल.

परवडत असेल तर मुलाखतीच्या शेवटी आभार म्हणून निवड द्या: ₹२० रोख, की तेवढ्याच किमतीचा कापडी झोला. कोणी काय उचललं ते टिपा. खर्च ५६० × २० = ₹११,२०० च्या वर जात नाही, आणि सगळ्या प्रश्नावलीत हीच एक नोंद अशी असेल की जिला माणसाने खरोखर काही सोडून उत्तर दिलं. घरात आधीच दहा झोले पडलेले असू शकतात, म्हणून त्याआधी 'घरात वापरण्याजोगे झोले किती' एवढं विचारून घ्या.

---

माळव्याची लेक

रामबागकर, कामाच्या वेळांचं राहिलं होतं. एक जण फेऱ्या धरून दिवसाला सात मुलाखतींपुढे जाऊ नये. ५६० भागिले ७ म्हणजे ८० दिवस, आठ जणांत दहा दिवस. तुमच्या मुदतीत बसतं. सकाळी १० ते १२ आणि संध्याकाळी ६ ते ८.३०. एका मुलाला सबंध एक भाग देऊ नका, निदान दोघांत वाटा, नाहीतर भागाचा फरक की विचारणाऱ्याचा फरक हे उकलत नाही. दर दहापैकी एका घरी दुसऱ्याने जाऊन तीन प्रश्न परत विचारायचे. आठ मिनिटांच्या आत संपलेली प्रत्येक मुलाखत त्याच रात्री तपासा, पत्ते पिसून आठ चित्रं दाखवायलाच तीन-चार मिनिटं जातात.

नाव-पत्त्याची यादी उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि फेरतपासणी झाली की ती नष्ट करा. आणि ५६० ला हात लावण्याआधी ३० मुलाखतींची चाचणी घ्या, सुदामानगरात १५ आणि नमुन्यात न आलेल्या एखाद्या वस्तीत १५. ज्या प्रश्नावर तीसपैकी २८ जणांचं उत्तर एकच येईल, तो प्रश्न पुन्हा लिहा.